साळूकाकीची वेगळी चूल

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसून टाकलं. गोष्ट माझ्या घरातली नाय, दोस्ताच्या घरातली हाय, आणि दुसऱ्याच्या घरातलं असं चव्हाट्यावर मांडायचं म्हणजे बरं नाय वाटत. पण डोक्यातून जात पण नाय. गाडी चालवताना मधेच ती काळी चूल डोळ्यासमोर येते आणि मी गिअर टाकायचा विसरतो.

म्हणून वाडीचं नाव बदललंय. करंबेकोंड असं धरून चला. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, कुडपणकडच्या डोंगरात. असं गाव शोधायला जाऊ नका, सापडणार नाय.

मी शोएब. तुडीलचा. माझा छोटा हत्ती टेम्पो हाय. महाडच्या एमआयडीसीतून माल उचलायचा, पोलादपूरकडं टाकायचा, येताना मिळेल ते भरायचं. आता पण लोडिंगच्या लाइनीत उभा हाय, मोबाईलवर लिहितोय. नंबर लागला की मधेच तुटेल.

सार्थक माझा दोस्त. महाडला गॅरेजमधी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, तिथंच मागं खोलीत राहतो. माझ्या टेम्पोची हेडलाइट त्यानं इतक्या वेळा जोडलीय की ती गाडी अर्धी त्याचीच हाय. त्याच्या घरी दोन बाया. एक त्याची आई, आनंदीबाई. मी तिला मावशी म्हणतो. दुसरी साळूबाई, त्याची काकी, म्हणजे मावशीची धाकटी जाऊ. दोघींचे नवरे गेले. काकीला मूलबाळ नाय. सार्थकला अंघोळ कोणी घातली, जेवण कोणी भरवलं, मार कोणी दिला, विचारलं तर तो सांगतो, जी जवळ असेल ती.

कोंडाच्या वरच्या डोंगराला भेग पडली. मोठ्या पावसात पडली आणि मग बुजलीच नाय. जिल्ह्यावरून माणसं आली, मशीन लावून बघून गेली, आणि सांगितलं की ही वाडी खाली करा. सरकारनं खाली रस्त्याला लागून कॉलनी बांधली. एक खोली, एक किचन, संडास-बाथरूम, वर स्लॅब. गरिबाला एवढं पक्कं घर फुकट, कोण नाय म्हणेल. सगळी वाडी खूश होती. सामान माझ्याच टेम्पोतून उतरवलं सगळ्यांनी. पाटे, वरवंटे, कोंबड्यांचे डालगे, एका म्हाताऱ्याची तर खाट आणि खाटेवर तो स्वतः.

पण आधी घरं कोणाला किती द्यायची ते ठरवायला साहेब आला होता. खरी गोष्ट तिथं सुरू होते.

सरकारचा हिशेब असा, एका कुटुंबाला एक घर. आणि कुटुंब म्हणजे काय, तर चूल. एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. मग साहेब प्रत्येक घरात शिरायचा, थेट चुलीपर्यंत जायचा आणि बघायचा किती चुली हायेत.

हैबती आणि सयाजी हे दोघे सख्खे भाऊ. फणसाच्या एका झाडावरून यांचं बोलणं बंद. घराच्या मधोमध भिंत घातलेली, भिंतीच्या ह्या अंगाला एक चूल, त्या अंगाला एक चूल. त्यांना दोन घरं मिळाली. आता कॉलनीत शेजारी शेजारी राहतात, एकाच नळावर पाणी भरतात, अजून बोलत नायत. एका पोरानं साहेब यायच्या आदल्या दिवशी पडवीत दुसरी चूल थापली. ती ओलीच होती. साहेबानं बोट लावलं, बोटाला चिखल लागला, साहेब हसला आणि पुढं गेला. त्याला एकच घर.

मग साहेब आनंदीमावशीकडं आला. विचारलं, चूल एकच का? दोघी जावा एकदम बोलल्या, एकच. सार्थक तिथंच उभा होता, त्यानं मला सांगितलं की काकी थांबली पण नाय. म्हणाली, "दोघींचं कुंकू गेलं साहेब, पण चूल मोडली नाय आमी."

मान ताठ करून बोलली. आमच्याकडं चूल मोडली म्हणजे घर मोडलं. जावाजावांची चूल एक राहिली हे सांगायला कोणाला आवडणार नाय? साहेबाला चहा पण पाजला, त्याच चुलीवरचा.

घरांच्या यादीतली नावं वाचली तेव्हा कळलं काय झालं ते. भांडलेल्यांना दोन घरं, आणि ह्या दोघी जन्मभर न भांडता राहिल्या त्यांना एक.

दोघी तालुक्याला गेल्या, बसून राहिल्या. तिथल्या एका माणसानं शेवटी सांगितलं की आता काय होणार नाय, पण कधीतरी फेरमोजणी होईल. तेव्हा चूल खरंच वेगळी दिसली, गावानं पण तसंच सांगितलं, तर बघता येईल. देखाव्याची चूल चालणार नाय, वापरातली पाहिजे.

हे सगळं मला माहीत होतं. पुढचं नव्हतं.

कॉलनीत राहायला गेल्यावर थोड्याच दिवसांत सार्थक एकदा माझ्याकडं आला तो तोंड पाडून. आई आणि काकी भांडल्या. नळावर, सगळ्यांच्या समोर. आईनं काकीचा हंडा उचलून रस्त्यावर फेकला, तिचं कपड्यांचं गाठोडं बाहेर टाकलं आणि बोलली की माझ्या पोराच्या घरात तुझं काय हाय. काकी गाठोडं उचलून निघून गेली. नाते गावात तिचा भाऊ हाय, तिकडं गेली असं त्याला आईनं सांगितलं.

सार्थकला ते झेपलंच नाय. त्याचं लग्न ठरत होतं, चैत्राली म्हणून मुलगी. त्याला वाटलं आईनं सुनेसाठी जागा केली. तो आईला फोनवर नको ते बोलला आणि मग घरी जायचंच बंद केलं. नाते गावात काकीला भेटायला जायची पण त्याला लाज वाटत होती. कुठल्या तोंडानं जाऊ, म्हणायचा.

मी कॉलनीत माल टाकायला गेलो की मावशी विचारायची, पोरगा जेवतो ना नीट? एवढंच. मी पण तुटक बोलायचो तिच्याशी. हैबतीला एकदा विचारलं, साळूकाकी कशी हाय रे भाऊ? तो बिडी विझवत बोलला, "हाय कुठंतरी. दोघींच्या मधी कोण पडणार?" मला तेव्हा कळायला पाहिजे होतं. तो माझ्याकडं न बघता वर डोंगराकडं बघत होता.

नंबर लागला. येतो.

हां. तर श्रावण संपत आलेला. मुंबईच्या एका चाकरमान्याचा फोन आला. त्याचं वर कोंडात बंद घर हाय, त्याचा सागवानी दरवाजा त्याला पाहिजे होता. म्हणाला, शोएब, घर पडायच्या आधी तेवढा काढून आणता येतो का बघ, किती माणसं लागतील ते सांग.

मी गेलो. रस्ता मधेच खचलाय, तिथपर्यंत टेम्पो, पुढं पाखाडीच्या दगडी पायऱ्यांनी पायी. पाऊस थांबला होता पण डोंगरातून पाणी वाजत होतं सगळीकडं. वाडी अशी मेल्यासारखी. कोणाची कौलं उतरवून नेलेली, कोणाच्या दारात गवत माझ्या कमरेएवढं. आणि बघतो तर सार्थकच्या घराच्या कौलांतून धूर.

मला वाटलं गुराखी असेल. ओरडलो, कोण हाय रे आत?

दारात साळूकाकी आली. हातात फुंकणी.

"शोएबा, तू व्हय? चपला बाहेर काढ, आत्ताच सारवलंय."

 नाते गावात भावाच्या घरी असलेली बाई मला ह्या डोंगरात चपला काढायला सांगतेय. मी चपला काढल्या. का काढल्या माहीत नाय.

आत गेलो. अंथरूण नीट गुंडाळून ठेवलेलं. दोरीवर लुगडं वाळत टाकलेलं, वाळत कसलं, ठिबकत होतं. कोपऱ्यात दोन कोंबड्या. आणि माजघराच्या मधून मागच्या भिंतीपर्यंत भेग. माझी मूठ आत जाईल एवढी. तिच्यात शेणमाती भरलेली आणि ती शेणमाती पण परत फाटलेली.

"ही काय काकी?"

"ती उघडते, मी भरते," काकी म्हणाली. "दोघींचं चाललंय तसंच."

मी विचारलं, तू इथं राहतेस? म्हणाली, मग कुठं राहू? विचारलं, नाते? म्हणाली, भावाकडं बाई पाहुणी म्हणून बरी. मी विचारलं, कधीपासून? तिनं चुलीत लाकूड सारलं.

तेव्हा मी चूल बघितली. घराची जुनी चूल भिंतीला होती तशीच होती, थंड. तिच्या समोर पडवीच्या तोंडाशी दुसरी. पत्र्याच्या तुकड्यावर थापलेली, बाजूला दुसऱ्या भांड्यासाठी वैल पण काढलेला, आणि काळी कुळकुळीत.

"ही माझी," ती म्हणाली. एखादी बाई नवीन दागिना दाखवते तसं. "वेगळी. पत्र्यावर केली म्हणजे घर मिळालं की उचलून न्यायला बरी. साहेबानं आता बोट लावून बघावं. काळं लागंल, चिखल नाय."

मग तिनं सगळं सांगितलं. खाली एका खोलीत दोन चुली मांडल्या तर साहेब हसणार. वेगळी चूल दाखवायची तर वेगळं छप्पर पाहिजे. तिच्याकडं दुसरं छप्पर हेच. मोजायला येतील तोवर इथं राहायचं, रोज धूर काढायचा, गावाला दिसला पाहिजे. उद्या सार्थकची बायको येईल, नवी पोरगी, एका खोलीत म्हातारी सासू आणि तिच्या बाजूला दुसरी म्हातारी, तिनं कुठं पडायचं आणि मी कुठं पडायचं?

मी ऐकत होतो आणि मागच्या भिंतीकडं बघत होतो. भिंत पोट पुढं काढून उभी होती. एका घरासाठी ही बाई पडणाऱ्या घरात येऊन राहिली होती. डोंगराखाली नको मरायला म्हणून सरकार घर देतंय, आणि ते घर मिळावं म्हणून ही डोंगराखाली बसलीय. 

मग मला राग आला. मावशीचा. मी बोललोच, मावशीनं तुला हाकललं म्हणून ही वेळ आली, हंडा फेकला तिनं तुझा.  काकीनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतेय.

बाहेर पाखाडीवर पाय वाजले. प्लास्टिकची खोळ डोक्यावर घेऊन, गुडघ्यावर हात देत कोणीतरी चढत होतं. वर आली ती आनंदीमावशी. हातात डबा.

मी उभा राहिलो. चार शब्द सुनवायचेच असं ठरवून उभा राहिलो. मावशीनं मला बघितलं, खोळ झटकली आणि काकीला म्हणाली, "ह्याला कशाला आत घेतलंस गो? हा आता गावभर करंल."

काकीनं एक ताट काढलं. एकच. मावशीनं डबा उघडला, नाचणीच्या भाकऱ्या, सुकट, लसणीची चटणी. दोघी समोरासमोर बसल्या आणि त्याच ताटात जेवायला लागल्या. भाकरी मोडून एकमेकींच्या पुढं सारत होत्या. मी दारात उभा.

"तुमी भांडलात ना?" मी विचारलं. मूर्खासारखं.

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. काकीला ठसकाच लागला हसताना.

"बरं जमलं होतं ना गो?" मावशीनं विचारलं.

"जमलं. पण हंड्याला खरा पोचा पाडलास. आदल्या दिवशी आपलं ठरलं होतं कळशी फेकायची."

मी खाली बसलो. तिथंच, सारवलेल्या जमिनीवर. म्हणजे नळावरचं भांडण, गाठोडं, ते बोलणं, सगळं ठरवून केलेलं. साहेब गावाला विचारणार, म्हणून गावाला भांडण दाखवलं. हैबतीपासून सगळ्यांना खरं वाटलं. आणि खरं वाटलं म्हणूनच कोणी सार्थकला सांगितलं नाय की तुझ्या आईनं काकीला भेगेच्या घरात हाकललंय. कोणाची जीभ रेटणार?

मी विचारलं, मग ह्या चुलीवर शिजतं काय? मावशी म्हणाली, पाणी तापतं. भाकरी खालीच होते, गॅसवर, दोघींची. लाकडाला जाते असं गावाला सांगून ती रोज चढते. गुडघे दुखतात म्हणून आता एकाच वेळचं आणते, दुसऱ्या वेळचं त्यातलंच ठेवते.

"आणि सार्थक? तो तुझ्याशी बोलत नाय मावशी."

मावशीचा हात ताटात थांबला. "माहीत हाय. त्याला सांगितलं तर तो हिला उचलून खाली आणंल. मग झालं सगळं." मग हळूच बोलली, "बोलंल नंतर. घर झाल्यावर सांगेन ना त्याला, तेव्हा बोलंल."

जेवणं झाल्यावर काकीनं मला वेगळ्या चुलीवर हात ठेवायला लावला. सार्थकला सांगणार नाय म्हण. चूल गरम होती. मी म्हटलं, सांगणार नाय. दरवाजा बघायचा विसरून खाली आलो.

टेम्पोत बसून चावी लावली आणि तशीच ठेवली. मग निघालो. पुलावर आलो, खालून सावित्री नदी मातीच्या रंगाची जात होती आणि मला सारखी ती पोट काढलेली भिंत दिसत होती. शपथ कोणाच्या जिवापेक्षा मोठी असते का? मी काय मोठा विचार करणारा नाय. गाडी सरळ गॅरेजला नेली.

सार्थक एका ट्रकच्या डॅशबोर्डखाली झोपला होता, तोंडात टेप. मी त्याच्या पायाशी बसून सांगायला लागलो. आधी त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मग तो बाहेर आला. एका ताटाचं सांगितलं तेव्हा तो टायरवर बसला आणि हातातली वायर बोटाला गुंडाळत राहिला, बोट पांढरं पडेपर्यंत.

"मी आईला काय बोललो माहीत हाय तुला?" तो म्हणाला. "आणि ती मला विचारत होती, जेवलास का."

 रात्रभर पाऊस पडला, अंधारात पाखाडी चढता आली नसती. सकाळी उजाडल्या उजाडल्या निघालो.

खचलेल्या रस्त्याशी साहेबाची जीप उभी होती.

मोजणीचा साहेब नव्हता, दुसरा होता. पावसात डोंगरातल्या वाड्या रिकाम्या हायेत का बघायला फिरत होता. खालच्या रस्त्यावरून त्याला धूर दिसला. जो धूर गावाला दिसावा म्हणून काकी काढत होती, तोच. साहेब वर चढला, त्याच्या मागं कॉलनीतली सगळी माणसं चढली, मावशी पण.

आम्ही पोचलो तर मागच्या भिंतीचा कोपरा पहाटे गेलेला. घरातून डोंगर दिसत होता. कोंबडी एकच उरली होती. काकी पडवीत चुलीपाशी उभी, लुगड्याला चिखल. सार्थक धावत तिच्याकडं गेला. तिनं आधी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

साहेब वाईट माणूस नव्हता, हे लिहायला पाहिजे. बूट भिजलेले, तोंड पांढरं पडलेलं. त्या भिंतीला बघून तो आमच्याइतकाच घाबरला होता. त्यानं विचारलं, ही बाई कोणाच्या कुटुंबातली? कोणीतरी सांगितलं, आनंदीबाईच्या. साहेब मावशीकडं वळला. म्हणाला, तुम्हाला खाली घर दिलं ते वरची जागा सोडण्याच्या अटीवर. तुमच्या कुटुंबातलं माणूस अजून वर राहत असेल तर दिलेलं घर काढून घ्यावं लागेल.

काकी पुढं आली. "मी त्यांच्यातली नाय साहेब. माझी चूल वेगळी हाय. बोट लावून बघा."

"वेगळ्याच हायेत," हैबती मागून बोलला. "भांडण आमी सगळ्यांनी बघितलंय."

सयाजीनं पण मान हलवली. दोघा भावांचं किती वर्षांनी एका गोष्टीवर जमलं असेल.

साहेबानं चुलीला बोट लावलं नाय. तो म्हणाला, वेगळ्या असाल तर यांच्या नावावर खाली काहीच नाही. मग या इथे बेकायदा राहतायत, मी आजच पोलीस बोलावून त्यांना बाहेर काढतो, पुढे कुठे जायचं ते त्यांनी बघावं. फेरमोजणीचं मला काही माहीत नाही, ती कधी होईल आणि होईल की नाही. आणि एकत्र असाल तर आत्ता या क्षणी यांना खाली न्या, हे घर आज उतरवा, खालचं घर तुमचं राहील. पण मग एकच कुटुंब, परत वेगळं म्हणून यायचं नाही. मग त्यानं मावशीला सरळ विचारलं, "सांगा. वेगळ्या आहात की एक?"

पाऊस कौलांवर वाजत होता. मी मावशीकडं बघत होतो. ह्याच प्रश्नाची तिनं किती महिने तयारी केली होती. हंडा फेकला, पोरगा तोडला, रोज डोंगर चढली. तिनं फक्त एक शब्द बोलायचा होता, वेगळ्या. खालचं घर पण राहिलं असतं आणि काकीचा दावा पण.

काकी तिच्याकडं बघून मान हलवत होती. बोल, बोल, अशी.

मावशीनं पडलेल्या भिंतीकडं बघितलं.

"एकच," ती म्हणाली. "आमची चूल एकच हाय साहेब. भांडण खोटं होतं."

 हैबतीचं तोंड उघडंच राहिलं. सार्थक रडायला लागला, मोठा दाढीवाला माणूस, आवाज न करता. आणि काकी, मी तिला कधी चिडलेली बघितली नव्हती, काकी मावशीच्या समोर जाऊन उभी राहिली.

"तुला कोणी सांगितलं होतं बोलायला?"

"भिंत पडली गो साळू."

"पडली ती माझ्यावर पडली असती. तुझ्यावर नाय."

"म्हणून तर बोलले."

 काकी वळली आणि घरात जाऊन गाठोडं बांधायला लागली.

त्या दिवशी घर उतरवलं. सगळी वाडी लागली, कौलं हातोहात खाली आली. साहेब जीपमधी बसून फोनवर बोलत होता. काकी टेम्पोत पुढं माझ्या बाजूला बसली, मांडीवर कोंबडी. मावशी मागं सामानात बसली, पुढं जागा होती तरी. कॉलनीपर्यंत दोघी एक शब्द बोलल्या नायत. खोटं भांडण संपलं होतं. हे खरं होतं.

अजून बोलत नायत. एका खोलीत राहतात, गॅसवर एकच भाकरी होते, एका ताटात जेवतात पण, सवयच ती. पण बोलत नायत. सार्थक मधी बसतो आणि एकीचं दुसरीला सांगतो. तो आता दर रविवारी घरी जातो. चैत्राली बघायला आली होती, तिनं दोघींना नमस्कार केला, आणि मग सगळी खोली नजरेनं मोजली.

चूल टेम्पोतच राहिली होती. पत्र्यासकट. त्या दिवशी संध्याकाळी गॅरेजसमोर सामान झाडताना सार्थकला दिसली. मी विचारलं, हिचं काय करू, टाकून देऊ? काकीनं तर मागं वळून बघितलं पण नव्हतं.

तो तिच्यापाशी उकिडवा बसला. बोट लावलं. बोट काळं झालं.

म्हणाला, साहेब बोलला ते बोलला, पण साहेब बदलतात. कधीतरी कोणीतरी परत मोजायला येईल. कदाचित चुली मोजणार नाय, माणसं मोजेल. तोवर ही तुझ्याकडं ठेव, आमच्या खोलीत जागा नाय, आणि आईच्या डोळ्यासमोर नको.

मी म्हटलं, ठेवतो. पण एक आत्ताच सांगतो, मला खोटं सांगायला लावू नकोस. मी कोणाला वेगळी चूल म्हणणार नाय. विचारलं तर सगळं सांगणार. एका खोलीत तीन माणसं, चौथं येणार, हे पण सांगणार. एका ताटाचं पण.

"ताटाचं नको सांगू रे."

"तेच आधी सांगणार."

तो हसला. कितीतरी महिन्यांनी. मग म्हणाला, नुसती ठेवली तर भेगा पडतील हिला. मातीची चूल पेटती लागते.

अम्मीला मी घरी विचारलं तेव्हा ती आधी चुलीला आणि मग मला बघत राहिली. सगळं ऐकल्यावर तिनं पदरानं चुलीवरची राख पुसली आणि मागच्या अंगणात पत्र्याखाली जागा केली. मग मी सार्थकला फोन लावला. म्हटलं, दर जुम्म्याला अम्मी हिच्यावर एक तरी भांडं शिजवेल. काकीला घर मिळेल त्या दिवशी मी हिला माझ्या टेम्पोतून आणीन, गरम असेल तशी. तोवर थंड पडू देणार नाय, हा माझा शब्द.